अण्णांची कोरी जीप

भाऊ, तुझं बाथरूम आता मोकळं झालंय. आई सातला आंघोळ करते, तिच्या मागून वहिनी, आणि प्रायमर वाळला का, आता आत जाऊ का, असं कुणाला दाराबाहेरून विचारावं लागत नाही. परवा मी आले तेव्हा वहिनी खांद्यावर टॉवेल टाकून त्याच दारात उभ्या होत्या आणि आत काही जात नव्हत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, ताई, सवयच मोडत नाही, आधी वाकून बघते की आत एखादी गाडी टांगलेली आहे का. आम्ही दोघी हसलो. मग हसता हसता वहिनी तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांच्या शेजारी मीही बसले.

चोवीस दिवस झाले. सकाळी चहा पिऊन गॅरेजला निघालेला माणूस चपला घालायला वाकतो आणि उठतच नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. लोक भेटायला येतात, हळहळतात, चांगला माणूस होता म्हणतात. होतास रे, पण नुसता चांगला नव्हतास. हट्टी होतास, एक नंबरचा हट्टी. आणि तुझ्याशी मी शेवटचं जे बोलले ते धड बोलले नाही, हे या येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नाही. म्हणून हे सगळं तुलाच सांगत बसलेय.

जो तो मला विचारतो, तुमच्या भावाला खेळण्यातल्या गाड्यांचा नाद होता ना? तू असतास तर त्या माणसाला समोर बसवून, खेळणं आणि मॉडेल यातला फरक चहा गार होईस्तोवर समजावला असतास. खऱ्या गाडीचे दोन फूट म्हणजे तुझा एक इंच. त्या मापात आरसा केवढा, कडी केवढी, नंबर प्लेटवरचा आकडा केवढा, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. स्वतःच्या चष्म्याचा नंबर मात्र कधी ध्यानात राहिला नाही.

सुरुवात माझ्यामुळंच झाली, हे विसरू नकोस. मला अस्तराचं कापड घ्यायचं होतं आणि तुला सुट्टी होती, म्हणून आपण गुलमंडीला गेलो. मी दुकानात अर्धा तास रंग जुळवत बसले आणि तू कंटाळून बाहेर हिंडून आलास तो हातात एक प्लास्टिकची मोटार घेऊन. वाटलं, कुणाच्या लेकरासाठी घेतली असेल. तू म्हणालास, याचा रंग बघ किती जाड मारलाय, दारं बुजून गेलीत, हा काढून नीट मारतो. तीस वर्षं लोखंडावर रंग मारलेला माणूस तू. जुना रंग काढायचा म्हणून गॅरेजमध्ये काढतात तसा थिनरचा बोळा घेऊन बसलास. रंग निघाला, आणि रंगापाठोपाठ दार, बोनट, टप सगळं मऊ पडून तुझ्या बोटांना चिकटलं. थिनरनं प्लास्टिक विरघळतं, हे मला, शिलाई मशीनवाल्या बाईला, ठाऊक होतं, तुला नाही. मी इतकी हसले की वहिनी स्वयंपाकघरातून पळत आल्या. आणि तू दुसऱ्या दिवशी जाऊन तशीच दुसरी मोटार घेऊन आलास.

मग काय, नाद लागला तो लागलाच. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणून त्याला नळी जोडलीस, त्यावर पेनाएवढी रंगाची बंदूक बसवलीस, आणि घरातल्या बाथरूमचा कारखाना झाला. आपल्याकडची हवा ही अशी. उन्हाळ्यात रंग बॉडीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि रवाळ बसतो, पावसाळ्यात ओल धरून पांढुरका पडतो. म्हणून खरा सीझन थंडीतल्या सकाळचा. आधी बादलीभर पाणी चारी भिंतींवर मारायचं, म्हणजे धूळ खाली बसते. मग शर्ट काढून आत शिरायचं, कारण शर्टाचे तंतू उडून रंगात बसतात. घरातले सगळे पंखे बंद. कुणी झाडू मारायचा नाही, कुणी अंथरूण झटकायचं नाही, आणि आईनं तेवढा वेळ वाती वळायच्या नाहीत, कापूस उडतो म्हणून. आई म्हणायची, याला लेकरू झालं तेव्हा एवढी शांतता पाळली नाही घरात. वहिनी बिचाऱ्या सकाळी दहापर्यंत बिनआंघोळीच्या. आणि तू डिसेंबरात उघड्या अंगानं, दात वाजवत, वीतभर मोटारीला रंग देतोयस. माझ्या ओळखीत एवढं वेडं माणूस दुसरं नव्हतं.

आणि तुझ्या गाड्या अर्ध्या माझ्या दुकानातून बनल्या, हेही आज सांगून टाकते. चाकांच्या मधल्या वाट्या म्हणजे माझी टिचबटणं. हेडलाइट म्हणजे ब्लाउजवर लावायचे खडे. काचा म्हणजे शर्टाच्या खोक्यांची पारदर्शक झाकणं, ती मी गुलमंडीच्या कापडवाल्याकडून मागून आणायचे आणि तो दर वेळी विचारायचा की एवढ्या झाकणांचं करता काय. रंग तुझे, तेही माझ्या नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत. तू गॅरेजमधून आलास की नीट घरी जायचं सोडून आधी माझ्या मुकुंदवाडीच्या दुकानात, स्टुलावर. गिऱ्हाईक बाई माप द्यायला थांबलेली आणि तू माझ्या बटणांच्या डब्यात हात घालून बसलेला. कितीदा हाकललं तुला. आता ते स्टूल रिकामं दिसलं की मी त्यावर कापडाचा गठ्ठा ठेवते.

सीट शिवायचं काम माझ्याकडं आलं ते मात्र मला आवडलं. पहिल्या गाडीला मी मोठ्या हौसेनं फुलाफुलाचं कापड लावून दिलं. तू हातात घेतलंस, खूप वेळ बघितलंस आणि म्हणालास, अगं, हे गुलाबाचं फूल स्टेअरिंगपेक्षा मोठं झालंय. मला राग आला होता, पण बघितलं तर खरंच. ड्रायव्हरच्या पाठीमागं घमेल्याएवढा गुलाब. तिथून तू मला माप शिकवलंस. टाका किती बारीक, रेक्झिन मागून किती घासून पातळ करायचं, कडेची गोट दोऱ्याचीच कशी करायची. चार-चारदा उसवायला लावलंस. मी शिव्या दिल्या, पण खरं सांगू, त्या शिकवणीनं माझ्या ब्लाउजांची फिटिंग सुधारली. आता रस्त्यानं जाताना मी गाड्यांच्या सीटची शिवण बघते. ही नजर तू दिलीस मला, आणि त्याबद्दल कधी तोंडभरून काही म्हणाले नाही.

मग तू जीप करायला घेतलीस.

आपले अण्णा कन्नडहून घाट उतरून चाळीसगावपर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचे. गाडी दुसऱ्याची, अण्णा नुसते ड्रायव्हर. नऊ माणसांच्या जीपमध्ये अठरा बसवून, स्वतः अर्धे दाराबाहेर. ती जीप मला अजून दिसते. डावं दार तारेनं बांधलेलं. बोनट कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं, हिरवं, ते मालकानं कधी रंगवलं नाही. सीट फाटून आतला काथ्या वर आलेला, त्यावर अण्णा पोतं टाकायचे. मी शाळेत जाताना पुढं बसायचे आणि काथ्या टोचू नये म्हणून अण्णा माझ्याखाली स्वतःचा रुमाल घालायचे. त्यामुळं तू जेव्हा म्हणालास की अण्णांची जीप करतोय, सीट तू शिव, तेव्हा मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. मी काथ्याचे तुकडेसुद्धा गोळा करून ठेवले होते.

आणि तू ती दाखवायला आणलीस तर काय, कोरी करकरीत. शोरूममधून आत्ता निघाल्यासारखी. पिवळा टप, काळी बॉडी, बोनटही काळं, दोन्ही दारं नीट बसलेली. मी म्हणाले, बोनट हिरवं कर. तू नाही म्हणालास. म्हणाले, दाराला तार लाव, बारीक तांब्याची मी देते. नाही. तुझं म्हणणं एकच, बापानं जन्मभर दुसऱ्याचा खटारा चालवला, मी तरी त्यांना नवी देतो. माझं म्हणणं, मग ती त्यांची गाडी नाहीच, ती कुणाचीही आहे. तासभर भांडलो आपण. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. आणि मग माझी जीभ सुटली.

"तुला अण्णांची लाज वाटते," मी म्हणाले. "शहरात येऊन स्वतःला रंगवून घेतलंस, आता बापाला रंगवायला निघालास व्हय?"

तू जीप बुटाच्या खोक्यात ठेवलीस, खोक्याला दोरा गुंडाळलास, गाठ मारलीस. "सीट शिव जमंल तशा," एवढंच म्हणालास आणि गेलास.

मी शिवल्या नाहीत. दोन महिने. रेक्झिन कापून ठेवलं होतं, दोरा ओवून ठेवला होता, पण मशीनखाली घेतलं नाही. रोज सकाळी तुझा जय भीम फोनवर यायचा, मी उलट जय भीम पाठवायचे, आणि तेवढ्यावर सगळं ठीक आहे असं दोघंही धरून चालायचो. घरी येत होते, आईला बघत होते, तुझ्याशी भाजीपाल्याचं, वहिनींच्या गुडघ्याचं बोलत होते. जीपचं नाव ना तू काढलंस ना मी. तू दुकानात यायचा थांबलास, ते मी कामाच्या गर्दीवर ढकललं.

तू गेल्यावर आठवड्यानं वहिनींनी तो खोका माझ्या हातात दिला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फोटोशेजारी त्यांना ही जीप ठेवायची होती. म्हणाल्या, फक्त सीट आणि पुढची काच राहिलीये ताई, तुम्हालाच येतं. मी दोऱ्याची गाठ सोडली, तीसुद्धा कात्री न लावता. काच तू कापून, बसवून बघून, कागदात गुंडाळून ठेवली होतीस. म्हणजे सीट तेवढ्या माझ्या राहिल्या होत्या. माझ्यासाठी थांबला होतास तू.

आता खरं सांगते, रागावू नकोस. पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आता कोण अडवतंय? मी रंग घासायच्या वॉटर पेपरचा तुकडा हातात घेतला. बोनट जरा घासायचं, हिरवा रंग लावायचा, दाराला तार गुंडाळायची, झाली अण्णांची जीप. गाडी दिव्याखाली धरली. भाऊ, त्या बोनटमध्ये माझ्या मशीनचा दिवा अख्खा दिसत होता, जराही न मोडता. धुळीचा एक कण नाही. किती थर दिले होतेस, किती सकाळी उघड्या अंगानं उभा राहिला होतास, कुणास ठाऊक. मी पेपर खाली ठेवला. मला पटलं म्हणून नाही. मला तेव्हाही वाटत होतं की मीच बरोबर आहे. पण तुझ्या रंगावर हात चालवायची माझी हिंमत झाली नाही. मी निमूट नव्या रेक्झिनच्या सीट शिवल्या, बिनकाथ्याच्या, आणि टाके एवढे बारीक घातले की तू एकही उसवायला लावला नसतास.

मग काच. तू काचेला नेहमी सुतारकामाचा पांढरा गोंद लावायचास, तो वाळायला दिवस जातो. माझ्याकडं दिवस नव्हता, दुसऱ्याच सकाळी कार्यक्रम. मी खडे चिकटवायचा तो झटपट गोंद घेतला, चिमट्यानं काच बसवली, आणि धूळ बसू नये म्हणून खोक्याचं झाकण लावून ठेवलं. तू असतास तर हात धरला असतास माझा. सकाळी झाकण उघडलं तर गोंदाची वाफ आतल्या आत कोंडून काच पांढरी झालेली. धुकं पडल्यासारखी. मी कपाळावर हात मारून घेतला. दोन महिने छळलं ते छळलं, वर शेवटच्या गाडीची माती केली, असं वाटलं. चष्मा लावून पुन्हा बघितलं, पुसता येतंय का म्हणून.

कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता. आतल्या बाजूनं. काच बसवून बघताना बोट टेकलं असेल, ते डोळ्याला दिसत नव्हतं, वाफेनं तेवढं बरोबर उमटवलं. एकेक रेघ. मी काचेला हात लावला नव्हता, आणि ठशाच्या मधून तिरपी चीर गेली होती, मागं तू कटरनं अंगठा कापून घेतला होतास आणि तीन टाके पडले होते, त्याची. भाऊ, दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, बाहेर एक बाई फॉल-पिकोची साडी घेऊन उभी होती, आणि मी आत तोंडात ओढणी कोंबून रडत होते. तू गेलास त्या दिवशीही एवढी रडले नव्हते. माणसांची सरबराईच करत होते.

वहिनींना जीप देताना मी सांगितलं, माझी चूक झाली, काच दुसरी बसवून देते दुपारपर्यंत. त्यांनी बघितलं, ठसा ओळखला.

"राहू द्या ताई," म्हणाल्या. "दुसरी काच नको."

भंतेजी आले, वंदना झाली, माणसं जमली. तुझ्या गॅरेजची पोरंटोरं नव्हेत, सगळे जुने मिस्तरी आले होते, पांढरे शर्ट घालून, केस चापून. फोटोला फुलं वाहिली आणि मग एकेक जण जीपसमोर वाकला. कुणीही हात लावला नाही. सगळ्यांनी हात पाठीमागं बांधून बघितलं, कारण रंगवणारा माणूस दुसऱ्याच्या रंगाला बोट लावत नाही. त्यातला एक म्हातारा मिस्तरी बराच वेळ बघून माझ्याकडं वळला आणि एवढंच म्हणाला की हात होता बाई तुमच्या भावाला. तुला ऐकायला आवडलं असतं.

सगळे जेवून गेल्यावर आईनं जीप मांडीवर मागितली. फिरवून फिरवून बघितली. कुणाची म्हणून विचारलं. मी म्हणाले, अण्णांची. आई म्हणाली, त्यांची अशी कुठं व्हती, त्यांचं दार तारेचं, बोनट हिरवं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं. बघ, आईलासुद्धा आठवतं. एवढ्यात आई म्हणाली, "ही त्यांना घ्यायची व्हती."

मग तिनं सांगितलं ते मला आयुष्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं. कन्नडच्या स्टँडवर कुणाची नवी जीप लागली की अण्णा तुला घेऊन बघायला जायचे. बापलेक तिच्याभोवती फिरायचे, आत डोकावायचे, मालक चहाला गेला की हळूच रंगावरून हात फिरवायचे. घरी येऊन अण्णा म्हणायचे, एक दिवस अशी घेऊ, सोताची, काळी-पिवळी. मी तेव्हा पाळण्यात. अण्णांनी पुढं ते बोलणं सोडलं, आणि तू सोळाव्या वर्षी रंगाच्या कामाला लागलास.

मला आईसमोर बसवेना. मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हणाले, मी भाऊला लई वंगाळ बोलले, आई. बापाची लाज वाटते म्हणाले. आईनं जीपवरची नजर काढली नाही.

"ठावं हाय. सांगितलं त्यानं मला."

"काय म्हणाला?"

"म्हणला, भांडली माझ्याशी. पण आई, अण्णांची गाडी तिच्या ध्यानात माझ्यापरीस जास्त हाय."

मी चुकले, भाऊ. तुला लाज नव्हती, तुला त्यांची हौस पुरवायची होती, आणि माझ्या जिभेनं त्याला नको ते नाव दिलं. हे तुझ्या तोंडावर म्हणायला दोन महिने होते माझ्याकडं आणि दोन गल्ल्यांचं अंतर. मी आले नाही. तरी जाता जाता तू आईजवळ माझीच बाजू घेऊन गेलास.